त्या कोपऱ्याची माती

माझ्या थोरल्या भावाला नाव नाही. बारशाच्या आतच तो गेला, त्यामुळं पाळण्यात घालून नाव ठेवायचं राहिलं ते राहिलंच. आई त्याला 'ते लेकरू' म्हणते आणि मला सांगताना 'तुझा दादा' म्हणते. लहानपणी मला याचं फार हसू यायचं. माझा दादा आणि माझ्यापेक्षा लहान! आता मी पन्नाशी ओलांडली, जिना चढताना गुडघ्यांना हात लावते, केस रंगवते, आणि दादा अजून दुपट्यातच आहे.

निरवांगीच्या शिवारात नदीच्या अंगाला एक वीटभट्टी होती. तो तिथंच जन्मला आणि तिथंच त्याला पुरलं. माझे आईवडील तिथं विटा थापायला जायचे. दिवाळी झाली की निमगाव केतकीतल्या घराला कुलूप लावायचं, बोचकी बांधून भट्टीवर जायचं, आणि पाऊस तोंडावर आला की परत यायचं, असं त्यांचं वर्ष. एवढ्याशा लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत, माती देतात. आणि माती द्यायला बाईमाणसानं जायचं नाही. आई बाळंतीण, खोपटात पडलेली. वडलांनी, म्हणजे तात्यांनी, तिच्या कुशीतनं त्याला उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि घेऊन गेले. आई उठायला लागली तर शेजारच्या खोपटातल्या म्हाताऱ्यांनी तिचे खांदे धरून खाली दाबले.

बरं, नंतर तरी जाऊ द्यावं! तर तेही नाही. 'तुझी कूस अजून उजवायची हाय, तिकडं पाऊल टाकू नगं.' मग माझ्या वेळी दिवस राहिले, तेव्हा तर नाहीच. मी झाले, तर 'अंगावर पिणारं हाय, वारं लागंल.' पुढं मला शाळेत घालायचं म्हणून आई गावातच राहायला लागली आणि तात्या एकटे भट्टीवर जायला लागले. म्हणजे जिथं आपलं पहिलं लेकरू ठेवलंय, तिथं माझी आई उभ्या जन्मात एकदाही गेली नाही. लांबनं बघायची तेवढं. विहिरीच्या पलीकडं, कडुनिंबाच्या बुडाला, एवढं तात्यांनी सांगितलेलं. तिनं ते पाठ करून ठेवलेलं.

तात्या वारले. आई माझ्याकडं बारामतीला आली. माझं पोळी-भाजीचं दुकान आहे, सकाळपासून तव्यासमोर उभी असते, त्यामुळं माझं डोकं आधीच तापलेलं असतं. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले की आईचं हृदय थकलंय, जपा. त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला.

"मला एकदा भट्टीवर ने."

"आई, भट्टी बंद पडून किती वर्षं झाली! तिथं कुत्रंसुद्धा नसेल आता."

"कुत्र्याला भेटायला न्हाय जायाचं मला. त्याच्यापाशी घडीभर बसती आन् येती."

मी चिडले, ओरडले, गुडघ्यांची भीती घातली, उन्हाची घातली. ती ऐकून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन पुन्हा तेच. शेवटी मी हात टेकले. दुकान बंद ठेवलं, ओळखीचा रिक्षावाला सांगितला. निघताना विचारलं, काही न्यायचं का, फुलं, नारळ? तर म्हणाली, "काय न्यायाचं त्याला? त्यानं काय मागितलंय कवा?"

उसाचा हंगाम चालू होता. लासुर्ण्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागनं जावं लागलं. आई रिक्षात दांडी घट्ट धरून बसली होती आणि तोंडावर मात्र माहेरी निघाल्यासारखी कळा. मध्येच म्हणाली, "आता मला कोण अडवतंय? कूस बी गेली आन् अडवणाऱ्या बी गेल्या." आणि हसली. मला वाटलं, चला, मेलं एकदाचं होऊन जाऊ दे, समाधान तरी होईल तिचं.

रिक्षावाल्यानं रस्त्यालाच गाडी लावली, पुढं वाट नव्हती. वेड्या बाभळी अशा माजलेल्या की पदर सोडवता सोडवता पुरेवाट. आत शिरल्यावर आधी लागली खोपटांची रांग. रांग कसली, गुडघ्याएवढ्या भिंती उरलेल्या, वरनं घाणेरीची झुडपं. आईनं काठी टेकवत टेकवत एक चौकोन शोधून काढला. "हे आपलं. हितं चूल. हितं मी पडल्याली." त्या चौकोनात मला नीट पाय पसरून झोपतासुद्धा आलं नसतं. त्यात दोघं राहिली, त्यात बाळंतपण झालं, आणि त्यातनंच ते लेकरू बाहेर गेलं. तिथं कोपऱ्यात कुणीतरी दारूच्या बाटल्या टाकलेल्या होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लाथेनं बाटल्या बाजूला केल्या.

पुढं थापण्याचं अंगण. इथं माती यायची, कारखान्यातली राख आणि उसाचं चिपाड त्यात मिसळायचं, पाणी सोडायचं, आणि मग बायका-माणसं पायानं तो गारा तुडवायची, लोण्यासारखा मऊ होईपर्यंत. मग तो साच्यात मारायचा आणि कच्च्या विटांच्या ओळी उन्हात मांडायच्या. आईच्या पिंढऱ्यांच्या शिरा अजून दोरखंडासारख्या वर आलेल्या आहेत, त्या या अंगणातल्या. आता तिथं नुसती जमीन, भेगाळलेली, मध्येच विटांचे तुकडे. पलीकडं शेवटची भट्टी अर्धी मोडून तशीच सोडलेली. आतल्या विटा जास्त भाजून काळ्या पडून एकमेकींना चिकटलेल्या, म्हणून त्या कुणी चोरूनही नेल्या नव्हत्या. आधी सगळ्या तालुक्याची घरं इथल्या विटांनी उभी राहायची. मग नदीकाठची चांगली माती संपली, मग सिमेंटचे ब्लॉक आले, मग मालक वारला, आणि त्याची पोरं कोर्टात गेली. या भट्टीचा सगळा इतिहास एवढाच आहे. एवढ्या माणसांनी पिंढऱ्या झिजवल्या आणि शेवटी राहिलं काय, तर बाभळी आणि बाटल्या.

आई दमली होती. मी तिला एका दगडावर, सावली बघून बसवलं, पाणी दिलं. ती बसल्या बसल्या बोलायला लागली. तात्या माती देऊन आले तेव्हा तिनं विचारलं होतं, वर काय ठेवलं? कोल्ही-कुत्री असतात. तात्या म्हणाले, विटा ठेवल्या, कच्च्या.

"कच्च्या?" मी विचारलं. "भाजलेल्या विटांचे एवढे ढीग पडलेले असताना?"

"मग काय भाजल्याली ठिवायची? ज्याला इस्तव द्यायाचा न्हाय, त्याच्या अंगावर इस्तवातनं निघाल्याली ईट ठिवत्यात व्हय? म्हाताऱ्यांनीच सांगितलं त्येंला. आन् मलाबी बरं वाटलं. थंडगार राहील म्हणलं."

मी कपाळावर हात मारला. आता काय बोलावं! कच्च्या विटेवर चार थेंब पडले तर तिचा चिखल होतो, हे जगात कुणाला कळत नसलं तरी या माणसांना कळत होतं. आभाळ भरून आलं की हातातला घास टाकून, चिपाडं आणि प्लास्टिक घेऊन विटा झाकायला पळणारी ही माणसं. आणि स्वतःच्या लेकराच्या खुणेवर त्यांनी कच्च्या विटा मांडल्या, आणि पावसाळ्यात गावाकडं निघून आली! परत दिवाळीनंतर गेली तेव्हा काय उरलं असेल? मला तात्यांचा राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही आईसमोर दाखवायचं नव्हतं.

"तू बस, मी जागा बघून येते," म्हणाले आणि उठले.

विहीर सापडली. कठडा पडलेला, आत शेवाळ आणि एक फुटकी घागर. विहिरीच्या पलीकडं कडुनिंब असायला हवा होता. मी विहिरीला वळसा घातला आणि थांबले. पलीकडं काहीच नव्हतं. म्हणजे जमीनच नव्हती. विहिरीच्या कडेपासून थेट उसाच्या बांधापर्यंत खड्डा, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वर दिसणार नाहीत एवढा खोल. तळाला हिरवं पाणी आणि त्यात पाणकणीस. कडुनिंब नाही, कडुनिंबाचं बूडही नाही. भट्टीची माती खणून काढलेली ती खाण होती. त्यांनी अख्खा कोपरा खाऊन टाकला होता.

मी तिथंच उभी राहिले. डोक्यात एकच, आता आईला काय सांगायचं? पलीकडच्या कुठल्या तरी झाडाखाली बसवावं का? ती काय ओळखणार आहे? असा विचार माझ्या मनात आला, नाही म्हणत नाही. पण मागं काठीचा आवाज झाला. आई आपली आपण उठून आली होती. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. विहिरीकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं, परत विहिरीकडं.

"झाड कुठं हाय गं?" तिनं विचारलं.

तेवढ्यात बाभळीतनं शेळ्या आल्या आणि त्यांच्या मागनं एक म्हातारा, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, गळ्यात मफलर. त्यांनी आम्हाला हटकलं, कोण, कुठलं, हितं काय काम. मी तात्यांचं नाव सांगितलं. म्हातारा आईकडं निरखून बघायला लागला.

"वैनी? वळखलं न्हाय का? मी टॅक्टर चालवायचो की हितं. मातीच्या खेपा आणायचो."

आईनं पदर सारखा केला. "भावजी, लई म्हातारं झालासा," ती म्हणाली. दोघं जरा हसली. हे चाचा आता पलीकडच्या वस्तीवर राहत होते, भट्टी बंद पडल्यापासून शेळ्या राखत होते. त्यांनी मफलर काढून दगडावर टाकला आणि आईला त्यावर बसवलं.

"हितं एक लिंब हुता," आई म्हणाली. "त्येच्या बुडाला माझं लेकरू हाय."

चाचांच्या तोंडावरचं हसू गेलं. "त्यानं तुमाला सांगितलं न्हाय व्हय?" त्यांनी विचारलं. 'त्यानं' म्हणजे तात्यांनी. दोघांचं चांगलं मैत्र असावं.

"काय सांगायाचं?"

मी म्हणाले, "चाचा, बोला आता. एवढ्या लांबनं आलोय आम्ही."

मग त्यांनी सांगितलं. नदीकडची माती संपत आली तेव्हा मालकानं विहिरीपलीकडचा कोपरा खणायला काढला. लिंब तोडला. चाचाच ट्रॅक्टर घेऊन माती भरायला आले. तर तात्या पुढं येऊन ट्रॉलीला हात लावून उभे राहिले. चाचांनी बाजूला नेऊन विचारलं, तेव्हा तात्यांनी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

"मी म्हणलं, जागा दाव, तेवढी सोडू. मालकाच्या पाया पडू. तर म्हणला, कुठली दावू? लिंबबी गेला, पावसानं समदं सपाट केलंय. म्हणला, एवढ्या कोपऱ्यात कुठंतरी हाय." चाचांनी हातानं खड्ड्याचा अर्धा भाग दाखवला. "आन् मालक काय एवढा कोपरा सोडणार? माती लई चांगली हुती तितली."

"मग?" आई म्हणाली.

"मग म्हणला, ह्या कोपऱ्याची एकबी खेप दुसऱ्या कुणाकडं टाकू नगं. समदी मला दे. मी दिली. बाकीचे थापणारे भांडाय लागले, चांगली माती ह्यालाच का म्हणून. मी कुणाला काय बोललो न्हाय." चाचांनी शेळीला हाकललं. "त्या मातीला त्यानं पाय लावला न्हाय, वैनी. सगळी माणसं पायानं तुडवायची, हा खाली बसून हातानं मळायचा. कणिक मळावी तसा. लोक हसायचे. म्हणायचे, ह्येला याड लागलं. दुसऱ्यांच्या दहा ओळी व्हायच्या तवा ह्येची एक. तसा आख्खा हंगाम काढला त्यानं."

मला तो हंगाम आठवला. तात्या घरी आले तेव्हा त्यांच्या हातांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, भाकरी मोडता येत नव्हती. आईनं एरंडेल लावून चिंध्या बांधल्या होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाले, राख लई होती मातीत.

"काय गावलं का त्येंला?" आईनं विचारलं.

"न्हाय. एवढंसं लेकरू, काय गावणार? मातीत माती झाल्यालं."

आई खड्ड्याकडं बघत होती. वारा आला की तळातलं पाणकणीस हलायचं. मी तिचा दंड धरला होता.

"मग त्या ईटांचं काय केलं?" ती म्हणाली.

"ईटांचं काय करत्यात, वैनी?"

"भाजल्या?"

चाचांनी मान खाली घातली. ज्याला विस्तव द्यायचा नाही म्हणून भाजलेली वीटसुद्धा अंगावर ठेवली नाही, त्याची अख्खी मातीच भट्टीत घातली होती.

"पेटवली कुणी?"

चाचा शेळ्यांकडं बघायला लागले.

"भावजी, इचारते मी. भट्टी पेटवली कुणी?"

"त्यानंच," चाचा म्हणाले. "दर हंगामाला मालक पेटवायचा. त्या खेपंला हा मालकाला म्हणला, मी पेटवतो. मालकाला काय म्हाईत! हसला, म्हणला, पेटव की, नारळ तेवढा चांगला आण. ह्यो सकाळी नदीवर जाऊन अंघोळ करून आला, वल्ल्या धोतरानं. मला म्हणला, आता जळणारच हाय तर परक्याच्या हातनं कशाला? बापाच्या हातनं जाऊ दे. पेटवली आन् तितंच खाली बसला. तीन-चार दिस भट्टी जळत हुती, हा हलला न्हाय तितनं. आमच्यात समद्यांनाच माती देत्यात, वैनी. मला काय कळंना त्याला काय बोलावं. मी आपला चहा न्हेऊन द्यायचो."

"आन् मग?"

"मग काय. लई लाल निघाल्या ईटा. मालक खूष. ट्रक भरून गेल्या. निमगाव, लासुर्णं, बारामती, इंदापूर. कुठं कुठं गेल्या ते काय सांगावं."

मला तात्यांचं फार वाईट वाटलं. मघाशी कच्च्या विटांवरनं त्यांना मनातल्या मनात वाटेल ते बोलले होते. तो माणूस एक हंगाम खाली बसून आपल्या पोराची माती हातानं मळत होता आणि लोक त्याला वेडा म्हणत होते. मला आईला हे सांगायचं होतं. म्हणायचं होतं, बघ गं, किती केलं तात्यांनी त्याच्यासाठी, कुणाचा पाय लागू दिला नाही. आईलाही तसंच वाटत असेल असं मला वाटलं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. असं तोंड मी तिचं तात्या गेले तेव्हाही बघितलं नव्हतं.

"म्हंजी मला बसायाला जागाच न्हाय," ती म्हणाली.

"आई..."

"गप." मग जराशानं म्हणाली, "आंघोळ केली. नारळ फोडला. समदं रीतसर केलं. मला न्हाय सांगितलं."

"तुला त्रास नको म्हणून नसेल सांगितलं गं."

"पयल्या येळंला मी बाळंतीण हुते," आई म्हणाली. आवाज चढला नाही, रडलीही नाही. "उठाय येत न्हवतं, धरून ठिवली मला, चाललं. पर दुसऱ्या येळंला तर मी चांगली हिंडती-फिरती हुते. निमगाव काय लांब हाय? सांगावा धाडला असता तर यस्टीनं आले असते."